व्हीएने (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने) आपल्या नोकरीतल्या इन्शुरन्सला बिल लावणं: लूट की हक्क?

शमी
कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, "व्हीए माजी सैनिकाला फुकट म्हणून बोलावतं आणि मागच्या दाराने त्याच्या नोकरीतल्या इन्शुरन्सला बिल लावतं. फॉर्मवर इन्शुरन्सचा रकाना कोरा सोडा." खाली सगळे 'बरोबर, बरोबर' करत सुटलेत. माझा नवरा अमेरिकन नेव्हीत होता आणि मी मेडिकल बिलिंगमध्येच काम करते. असला सल्ला वाचून गप्प बसणं मला जमणार नाही.

मागचं दार कुठून आलं? वसुलीचा हा हक्क १९८६ पासून कायद्यात आहे. सेवेत जडलेल्या, व्हीएचं रेटिंग (अपंगत्वाचा टक्का) मिळालेल्या दुखण्याचं बिल इन्शुरन्सला जात नाही. गुडघ्याला रेटिंग आहे आणि तुम्ही गेलात पित्ताच्या खड्यांसाठी, तर जातं. इन्शुरन्सने कमी दिले किंवा काहीच दिलं नाही, तरी उरलेली रक्कम सैनिकाकडे मागता येत नाही. त्याला कोपे, म्हणजे उपचारामागे स्वतः भरायचा ठराविक हिस्सा, लागत असेल तर तेवढाच. उलट इन्शुरन्सचे पैसे आले की त्यातून कोपे वळता होतो, आणि बऱ्याच कंपन्या हे बिल वर्षाच्या डिडक्टिबलमध्ये (इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायच्या रकमेत) धरतात. १९९७ च्या कायद्यानंतर ही वसुली सरकारी तिजोरीत जमा न होता व्हीएच्या उपचारांसाठीच राहते. रकाना कोरा ठेवून तुम्ही नुकसान करताय ते दुसऱ्या सैनिकाचं.

दख्खनी_तोफ
शमीताई, नियम तुम्हाला पाठ आहेत, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. गणवेश देशाने चढवला, मग दुखण्याचा खर्च माझ्या सॉफ्टवेअर कंपनीने का उचलायचा? प्रीमियम माझ्या पगारातून कापला जातो. क्लेम वाढले की पुढच्या वर्षी तो सगळ्यांचाच वाढतो. आणि मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी इन्शुरन्सला, व्हीए बिल लावू शकत नाही! सरकारी खिसा शिवलेला, खाजगी तेवढा उघडा.

सेवेतलं दुखणं कुठे संपतं हे कोण ठरवणार? मी आर्मीत होतो. गुडघा तिथे गेला, लंगडून लंगडून कंबर गेली. गुडघा देशाचा आणि कंबर माझी? डॉक्टर त्या व्हिजिटची नोंद कशाखाली करतो यावर बिल कुठे जाणार ते ठरतं.

शमी
गुडघ्यामुळे कंबर गेली असेल तर सेकंडरी म्हणून क्लेम करता येतो. केलात का?

दख्खनी_तोफ
हा 'केलात का' सूर माझ्याशी नको. माणूस दुखणं घेऊन फिरतो, पुरावे गोळा करत नाही. २००९ आठवतंय? ओबामा सरकारने सेवेतल्या जखमांचं बिलसुद्धा खाजगी इन्शुरन्सला लावायचा विचार चालवला होता. अमेरिकन लीजनसकट सगळ्या संघटना उठल्या, तेव्हा मार्चमध्ये तो सोडून दिला. आज जिथे रेघ आहे तिथेच ती राहील याची हमी तुम्ही देणार?

मीनल_जर्सी
पैशांपेक्षा मला वेगळंच खुपतं. पूर्वी व्यसनाच्या किंवा एचआयव्हीच्या उपचारांची माहिती इन्शुरन्सला द्यायला रुग्णाची लेखी संमती लागायची. २०१८ च्या मिशन कायद्याने वसुलीपुरती ती अट काढली. माझ्या भावाला हे कळल्यापासून तो दारूचा विषय डॉक्टरसमोर काढतच नाही. शमीताई, वळत्या झालेल्या कोपेचं आम्ही काय करू?

शमी
मीनल, हा मुद्दा खरा आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तो कायद्यातल्या त्या कलमाविरुद्धचा मुद्दा आहे, रकाना कोरा ठेवण्याच्या बाजूचा नाही.

कोरेगावकर
तुमचं अमेरिकेचं चालू द्या, पण निदान तुमच्या माणसाला आधी आत घेतात. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ईसीएचएसचं, म्हणजे भारतातल्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचं, कार्ड आहे. छातीत दुखायला लागलं म्हणून पॅनेलवरच्या एका हॉस्पिटलात नेलं, तर काउंटरवरून कार्ड परत आलं. "सरकारकडे बिलं थकलीत, डिपॉझिट भरा." बहिणीने गळ्यातलं गहाण टाकलं. शेजारी कंपनीच्या इन्शुरन्सवाला होता, त्याला कोणी थांबवलं नाही.

फौजी_सून
दुसरी बाजूही लिहा ना. ईसीएचएस २००३ मध्ये आलं. त्याआधी निवृत्त जवानाच्या वाट्याला मिलिटरी हॉस्पिटलची रांग सोडून काय होतं? माझ्या सासऱ्यांची बायपास एक रुपया न भरता झाली. इमर्जन्सीत ॲडमिट केलं की ४८ तासांत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला (दवाखान्याला) कळवायचं असतं. तुम्ही कळवलंत?

कोरेगावकर
कळवलं. बाप आयसीयूत असताना पहिला फोन तोच केला. सासऱ्यांचं नीट झालं याचा आनंद आहे ताई, पण त्या जोरावर माझ्या बापाला नियम शिकवू नका. बिल ऑनलाइन चढवायचं, बिलं तपासणाऱ्या एजन्सीने सीजीएचएसच्या (केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने कापायचं, मग मंजुरी, मग निधी असेल तर पैसे. या साखळीत जवानाचा काय गुन्हा?

दख्खनी_तोफ
हेच मी सांगतोय. सैनिकाचा खर्च सरकारने सरळ, पूर्ण आणि वेळेवर द्यावा. मध्ये तिसरा आला की रखडपट्टी आलीच.

शमी
नाही, यातून उलटं निघतं. ईसीएचएसमध्ये हॉस्पिटल खाजगी, पैसे सरकारचे, म्हणून थकबाकीचा फटका पेशंटला काउंटरवरच बसतो. व्हीएचं हॉस्पिटल त्यांचं स्वतःचं आहे. इन्शुरन्सने वर्षभर पैसे दिले नाहीत तरी उपचार थांबत नाहीत. उधारी कुणाच्या अंगावर पडते, सगळा प्रश्न तिथे आहे.

मीनल_जर्सी
व्हीए बाहेरच्या डॉक्टरकडे पाठवतं तेव्हा? कम्युनिटी केअरमध्ये डॉक्टर खाजगीच असतो ना?

शमी
तिथे डॉक्टरचे पैसे व्हीए देतं. दुखणं सेवेतलं नसेल तर व्हीए नंतर इन्शुरन्सकडून वसूल करतं. हो, तिथे कागद चुकतात, हे मान्य करते.

दख्खनी_तोफ
चला, काहीतरी मान्य झालं. मीही एवढंच मानतो की उरलेली रक्कम सैनिकाच्या माथी मारत नाहीत, आणि रकाना कोरा ठेवायला मी कुणाला सांगणार नाही. त्यापुढे एक पाऊल नाही. माझ्या कंबरेचा खर्च माझ्या कंपनीचा नाही.

फौजी_सून
कोरेगावकर, कार्ड असताना पॅनेलवरच्या हॉस्पिटलने डिपॉझिट घेतलं ते चूकच. पावती असेल तर पॉलिक्लिनिकच्या ओआयसीकडे (प्रमुख अधिकाऱ्याकडे) लेखी तक्रार द्या, नुसतं तोंडी सांगून काही हलत नाही. मुदतीबद्दल मात्र मी ठाम आहे.

कोरेगावकर
पावती आहे. तक्रारही दिली आहे. उत्तर नाही, म्हणून आता पुण्याच्या रीजनल सेंटरला जातोय. सोबत काय काय कागद न्यावेत ते इथेच लिहा, बाकी वाद नंतर घालू.