सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फूट, म्हणजे आपल्या पायरीला किती? (घाट गल्ली ग्रुप)

आक्का (पुणे): मे अखेरीला आई-बाबा कायमचे गावी येतायत, कृष्णेच्या घाटाजवळच्या जुन्या घरात. आडाचं पाणी वापरता येईल का? मोटार कुठं बसवायची? पावसाळ्यात लक्ष कशावर ठेवायचं? सांगा सगळ्यांनी.

जलसुरक्षक: आधी आडाचं माप घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 0.785, सगळं मीटरमध्ये. उत्तराला हजारानं गुणलं की लिटर. दीड मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर साधारण 7 हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे 7 हजारांना साडेसतरा ग्रॅम. तराजूवर मोजा. मूठभर टाकली की एक दिवस पाणी तोंडात धरवत नाही आणि मग लोक टाकायचंच बंद करतात.

आक्का (पुणे): पावडर सरळ आडात टाकायची?

जलसुरक्षक: नाही! बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाऊण बादली भरा, ढवळा आणि 10 मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरची निवळीच दुसऱ्या बादलीत घ्यायची, ती दोरानं पाण्याखाली सोडून खालीवर हिसके द्यायचे. तळाचा चुना आडात गेला तर पाणी जड होतं, डाळ शिजत नाही. तासभर थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलाय का ते द्रावणाचे थेंब टाकून बघायचं. द्रावण टाकल्या टाकल्या, 10 सेकंदांच्या आत पिवळा रंग बघायचा. उशिरा आलेल्या पिवळ्यावर विश्वास नको, तो मोकळा क्लोरिन नसतो.

काकी (घाटावरचं घर): पावडरीचं पुडकं उघडं ठेवू नका. ओल लागली की नुसता चुना उरतो. आणि मोटारीच्या स्टार्टरजवळ तर अजिबात नको, लोखंड खाते.

जलसुरक्षक: बरोबर काकी. आणि पुराचं पाणी आडात शिरलं असेल तर हा हिशोब लागू नाही. आधी पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती घासा, मग डोस वाढवून ओटीत पिवळा येईपर्यंत.

वायरमन तात्या: आता मोटारीचं. नदीवर 5 एचपीची मोनोब्लॉक बसवणार असाल तर फुटवाल्वपासून (पाईपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) पंपापर्यंतची उभी उंची 6 मीटरच्या आत ठेवा. हिवाळ्यात बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) असतात, पाणी तुंबून वर असतं, सगळं छान चालतं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले की पाणी एकदम खाली जातं. फुटवाल्व उघडा पडतो, पाईप हवा ओढतो आणि माणूस म्हणतो मोटार बिघडली. मोटार ठणठणीत असते.

अण्णा (मळी): बरगे वेळेवर काढायलाच हवेत पण. पहिला पूर आला आणि बरगे तसेच राहिले तर पाणी बंधाऱ्याच्या कडेनं वाट काढतं आणि काठ कापून नेतं. आमच्या पट्ट्यात मळीची, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन अशीच जाते. तीच वांग्याची जमीन, आक्का. पुण्यात कृष्णाकाठची म्हणून घेता ना, ती.

वायरमन तात्या: बरगे निघाले की मोटारही वर आणायची तयारी. बोल्ट एका डब्यात, केबलच्या तीन टोकांना खुणा, नाहीतर परत जोडताना उलटी फिरते. स्टार्टर पेटी घराच्या माळ्यावर. एवढं करूनही बुडालीच तर लगेच बटण दाबून बघू नका. खोलून गोड्या पाण्यानं धुवा, नीट वाळवा, मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून 1 मेगाओहमच्या वर आली तरच चालू. "जरा बघू तरी" म्हणून दाबलेल्या बटणानंच वाइंडिंग जळतं.

अण्णा (मळी): आणि मगरी. औदुंबर-भिलवडी पट्ट्यात त्या आहेतच, त्याला घाबरायचं कारण नाही, पण विसरायचं पण नाही. अंडी उन्हाळ्यात काठच्या मातीत, पिल्लं बाहेर पडतात ती पावसाच्या तोंडावर. मे-जूनमध्ये मादी जवळच असते. रोज त्याच वेळी त्याच दगडावर धुणं नको. मासळीची, कोंबडीची घाण पाण्यात टाकायची नाही. मगर काठावर पसरलेली दिसली तर वनखात्याला 1926 लावा, काठ्या घेऊन जाऊ नका.

काकी (घाटावरचं घर): जुन्या घराची भिंत पांढऱ्या मातीची आहे ना? ती पाणी चढताना पडत नाही, उतरल्यावर पडते. भिजून जड झालेली असते आणि बाहेरून पाण्याचा आधार गेलेला असतो. दुरुस्तीत सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आतच कोंडते. मातीचाच लेप द्या. धान्य माळ्यावर.

आक्का (पुणे): आणि पाणी किती चढलं की निघायचं? बातम्यांत आयर्विन पूल 40 फूट इशारा, 45 धोका, एवढंच येतं.

वायरमन तात्या: ते आकडे सांगलीचे. 2019 ला तिथं 57 फुटांच्या वर गेलं होतं. आपण वरच्या अंगाला, म्हणजे चढतं पाणी आधी आपल्याकडून जातं. आयर्विनच्या आकड्याची वाट बघत बसलात तर उशीर. कोयनेचा विसर्ग आणि सातारा जिल्ह्यातला पाऊस बघा. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून 2100 क्युसेक (सेकंदाला घनफूट) सोडले म्हणून बॅग भरायची नसते. एक लाख क्युसेक दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी होतं, तेव्हा गंमत नाही.

अण्णा (मळी): उतारासाठी वारणा पण बघा. हरिपूरला संगमावर वारणा भरून असली की कृष्णेचं पाणी हटत नाही, पाऊस थांबला तरी.

वायरमन तात्या: म्हणून खूण करा. पाणी चढत असताना आयर्विनला 35 असेल तेव्हा आपल्या गल्लीत ते कुठवर आलंय, तिथं भिंतीवर ऑइलपेंटची रेघ आणि तारीख. 40 ला दुसरी. चढतीच्याच रेघा, उतरतीच्या वेगळ्या येतात. एका पावसाळ्यात तुमच्या पायरीचा आकडा हातात येतो.

भाऊ: कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं कुणी काढलं नाही अजून 😀

काकी (घाटावरचं घर): काढू नका. त्याच्या 519.60 मीटर पाणीपातळीचा वाद दुसऱ्या ग्रुपवर, रात्री बारापर्यंत चालू असतो.

आक्का (पुणे): टेप किती मीटरची आणू?

वायरमन तात्या: 15 ची. पाचाची आडात पुरत नाही. आणि शेवटाला दगड बांधा.