अनुभव धागा : पुदिन्याची जुडी तुम्ही कशी टिकवता?

फ्रिजचा खालचा कप्पा आवरताना आज एक पिशवी हाती लागली. पाच दिवसांपूर्वीच्या पुदिन्याचा आत काळा लगदा झाला होता. तेव्हा आजीची आठवण झाली. तिच्याकडे फ्रिज नव्हता. ती जुडीचा दोरा सोडून पिवळी पाने काढून टाकायची, देठांची टोके कापायची आणि फुले ठेवावीत तशी जुडी पेलाभर पाण्यात उभी करायची. पाणी रोज बदलण्याचे काम माझ्याकडे असे आणि मी ते बहुधा विसरत असे. तरीही पुदिना चांगला टिकत असे. मला फ्रिज असूनही ते जमत नाही, म्हणून विचारते.

गवतफूल : ताई, तुम्ही जुडी धुऊन ठेवली होती का? मीही आधी तेच करत असे. पानांवर राहिलेल्या पाण्यानेच ती सडतात, हे दोन-तीन जुड्या फेकल्यावर कळले. आता न धुता, किंचित ओलसर फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवते आणि लागेल तेवढीच धुते. एखादे पान काळे पडलेले दिसले तर ते लगेच काढावे, नाहीतर शेजारची पानेही बिघडतात.

बोथट सुरी : माझी तक्रार चिरण्याबद्दल आहे. बारीक चिरून ठेवलेला पुदिना जेवायला बसेपर्यंत काळा पडायचा. पान चेंगरले की त्यातील विकरांचा (एन्झाइमांचा) हवेशी संबंध येतो आणि रंग जातो, म्हणून धारदार सुरी घ्यावी आणि आयत्या वेळी चिरावे. (माझे टोपणनाव घरच्यांनीच सुचवले आहे.)

अर्धी वाटी : मी पाने पाण्यासह बर्फाच्या साच्यात गोठवते. वितळल्यावर ती मऊ आणि काळपट होतात, त्यामुळे सजावटीला निरुपयोगी ठरतात, पण लिंबूपाण्यात स्वाद उतरतो. एकदा मुलाच्या गुडघ्याला मार लागला, तेव्हा घाईत तेच खडे फडक्यात बांधून लावले. दिवसभर त्याच्या गुडघ्याला पुदिन्याचा वास येत होता आणि दुखणे विसरून तो सर्वांना गुडघा हुंगायला लावत होता.

सावलीतला : गुडघ्याला थंडावा बर्फाचाच मिळाला असणार! पुदिन्यातील मेंथॉल हा घटक मात्र थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवून गारव्याचा नुसता भास निर्माण करते. चेतातंतूंवरील ज्या ग्राहीमुळे, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनामुळे, हे घडते, तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना तापमान व स्पर्शाच्या ग्राहींवरील संशोधनासाठी २०२१ चे नोबेल मिळाले. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यात मेंथॉल फारच थोडे असते, त्याचा वास मुख्यतः कार्व्होन या सुगंधी घटकाचा असतो. विषयांतराबद्दल क्षमस्व, साठवणीचे म्हणाल तर मी सावलीत वाळवतो.

मुळ्या : पाण्यात उभ्या केलेल्या देठांना पेरांपाशी आठवडा-दोन आठवड्यांत पांढरी मुळे फुटतात. ते देठ कुंडीत लावावेत, मात्र स्वतंत्र कुंडीत. मी तुळशीशेजारी लावले, तर पुदिन्याच्या आडव्या खोडांनी वर्षभरात सगळी कुंडी व्यापली आणि तुळस गेली.

धागाकर्ती : सर्वांचे आभार. उरलेल्या चार बऱ्या काड्या पेल्यात उभ्या केल्या आहेत. पाणी बदलण्याचे काम लेकीकडे दिले आहे आणि आजच्या पहिल्याच दिवशी ती ते विसरली आहे.