'आत्मिक कोरडेपणा'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

विचारणा (सोलापूर): सलाम. रविवारी चर्चच्या युवक संघात साक्ष द्यायची आहे, म्हणजे देवाबद्दलचा स्वतःचा अनुभव सांगायचा आहे. बरेच महिने प्रार्थनेला बसतो, बायबल उघडतो, पण आत काही हलत नाही. इंग्रजी पुस्तकांत याला 'ड्राय सीझन' म्हणतात. 'कोरडा ऋतू' लिहिलं तर हवामान खात्याचं पत्रक वाटतं. काय म्हणू?

प्रतिसाद: 'कोरडा' जपून वापरा. कोरडी सहानुभूती, कोरडा उपदेश, 'आपण कोरडे पाषाण'... मंडळीला ती ढोंगाची कबुली वाटेल. 'रुक्ष' स्वभावाला लागतं. 'शुष्क' म्हटलं की बायबलातल्या यहेज्केल 37 मधल्या अस्थी आठवतात, आणि ती हाडं तर मेलेल्यांची. (आपल्याकडचं 'कोरड्यास' तेवढं निर्दोष. भाकरी घशाखाली उतरायची तर ते हवंच!)

प्रतिसाद: मग 'दुष्काळ'? आमोस 8:11 मध्ये आहेच.

प्रतिसाद: तो दुष्काळ वचन ऐकायलाच न मिळण्याचा. या दादांच्या कानावर वचन रोज पडतंय, फक्त मुरत नाही. 42व्या स्तोत्रातलं 'लुलपणे' घ्या की. हरिणी पाण्यासाठी लुलपते तसा जीव देवासाठी लुलपतो.

विचारणारा: अक्का, जीव लुलपत असता तर अडचणच नव्हती. तहानसुद्धा लागेना झालीय.

प्रतिसाद (मंगळवेढ्याकडचा): 'कोरडवाहू' म्हण की. आमची शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि ती फेब्रुवारी-मार्चला काढणीला येते. मधे पाऊस पडला तर पडला. पीक निघतं ते काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर. वरून बघशील तर भेगा पडलेल्या. अशा वेळी शेतकरी आभाळाकडं बघत बसत नाही, कोळपं धरतो, पिकाच्या ओळींमधली माती हलवायचं अवजार. भेगा बुजतात, वरची माती भुसभुशीत होते, खालची ओल उडत नाही. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' म्हणतात ते उगाच नाही. तुझं प्रार्थनेला बसणं हीच कोळपणी समज. काही वाटो न वाटो, बसायचं.

प्रतिसाद: काका, शब्द झकास, पण मुळात पाऊसच झाला नसेल तर शाळूही जळते. दादा, झोप-जेवण उडालं असेल, जगावंसंच वाटत नसेल, तर पाळकसाहेबांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा. बायबलातला संदेष्टा एलीया (1 राजे 19) रतमाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. 'तू येथे काय करतोस?' हा प्रश्न नंतर, होरेब डोंगरावर. आणि त्यानंतर काम : हजाएल, येहू, अलीशा यांना अभिषेक करायचा. पुढचं काम कळायला आधी मन भरून यावं लागतं, असं त्या अध्यायात मला तरी दिसत नाही.

प्रतिसाद: कॅथलिक परंपरेतली एक भर. संत इग्नेशियस (1491–1556) सांगतात, अशा उजाड काळात आधीचे निर्णय बदलू नयेत. मदर तेरेसांची 2007 मध्ये छापलेली पत्रं वाचली तर कळतं, त्यांचा हा काळ कित्येक दशकांचा होता. काम थांबलं नाही.

विचारणारा: झोप-जेवण ठीक आहे, अक्का. साक्षेत 'कोरडवाहू' घेतो. पण आमच्या पोरांनी कोळपं बघितलेलं नाही, ते फळ्यावर काढून दाखवावं लागेल.

प्रतिसाद (मंगळवेढ्याकडचा): काढू नको. घरी पडलंय एक, शनिवारी येऊन घेऊन जा.