बायरन आणि त्याचा बोट्सवेन

कुत्रे गेल्याचे दुःख चार-सहा महिन्यांत ओसरते आणि दुसरे पिल्लू आणले की माणूस सावरतो, असे जे मत येथे मांडले गेले आहे, त्याच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. इंग्रज कवी लॉर्ड बायरन याचा न्यूफाउंडलँड जातीचा लाडका कुत्रा बोट्सवेन नोव्हेंबर १८०८ मध्ये रेबीजने गेला, तेव्हा बायरन अवघा वीस वर्षांचा होता. आजार कोणता हे न उमगल्याने तो त्याच्या तोंडाची लाळ उघड्या हाताने पुसत राहिला, असे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. रेबीजची लस माणसाला प्रथम टोचली गेली ती १८८५ मध्ये, हे आठवले की अंगावर काटा येतो. न्यूस्टेड ॲबी या वडिलोपार्जित वास्तूच्या आवारात त्याने बोट्सवेनचे भव्य स्मारक उभारले, आणि १८११ च्या मृत्युपत्रात आपल्यालाही तेथेच, त्याच्याशेजारी पुरावे अशी इच्छा लिहून ठेवली. पुढे ती वास्तू विकावी लागली, बायरनचे दफन जवळच्याच हकनलच्या चर्चमध्ये झाले आणि ती इच्छा अपुरीच राहिली.

आमचा मोती जाऊन सहा वर्षे झाली. आत येण्यासाठी त्याने दारावर काढलेले ओरखडे आम्ही रंगकामाच्या वेळी बुजवू दिले नाहीत, आणि पोळीचा शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला राखून ठेवण्याची माझ्या वडिलांची सवय अजूनही सुटलेली नाही.