तारण जर दान आहे तर मग ‘साधून घ्या’ कशाला? आज्ञापालनाबद्दल गोंधळलोय

शोधतोय_अजून

सर्वांना प्रभूमध्ये नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा बाप्तिस्मा होऊन ६ वर्षं झाली. बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्रातल्या २:८ वर मी विश्वासात आलो, कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण (पापातून सुटका) झालंय, ते आपल्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे. हे वाचलं तेव्हा पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. पण आता वाचताना सगळीकडे दुसरंच दिसायला लागलंय. फिलिप्पैकरांस २:१२ ला तोच पौल म्हणतो, ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’. इब्री ५:९ मध्ये येशू त्याच्या आज्ञेत राहणाऱ्यांना सार्वकालिक तारण देणारा झाला असं आहे. २ थेस्सलनीकाकरांस १:८ मध्ये तर सुवार्ता न मानणाऱ्यांच्या शिक्षेबद्दल लिहिलंय. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी ना? बातमीवर विश्वास ठेवतात, बातमी ‘पाळायची’ म्हणजे नक्की काय करायचं?

पास्टरांना विचारलं तर ते म्हणाले आज्ञापालन हे तारणाचं फळ आहे, मूळ नाही. उत्तर बरोबर असेल पण माझ्या मनाला ते पुरत नाहीये, कारण रोज रात्री झोपताना मी आज काय पाळलं आणि काय नाही ह्याचा जमाखर्च मांडत बसतो आणि बाकी नेहमी माझ्याकडेच निघते. ज्या वचनाने मोकळं केलं त्याच वचनापर्यंत आता पोचता येत नाहीये असं वाटतं. कुणी ह्यातून गेलंय का?

कृपेचा_साक्षीदार

भाऊ, एवढा विचार करू नका. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने काय पाळलं होतं? ना बाप्तिस्मा, ना दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणं), ना एक दिवस उपासना. तरी येशूने त्याला सांगितलं की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. लूक २३ रोज वाचा, रात्रीचा जमाखर्च आपोआप बंद होईल. जे संपलंय ते संपलंय, ‘पूर्ण झाले आहे’ हे येशूने म्हटलंय, आपण त्यात भर घालायला जायचं नाही.

मार्था_एम

@कृपेचा_साक्षीदार दादा, तुमचं मूळ म्हणणं मला मान्य आहे, तारण विकत मिळत नाही ह्यात वादच नाही. पण चोराने काहीच पाळलं नाही हे मला पटत नाही. त्याच्याकडे उरलेले होते थोडे तास आणि हातपाय खिळलेले, फक्त तोंड मोकळं होतं, आणि त्या तोंडाने त्याने काय काय केलं ते बघा. शेजारचा दुसरा चोर निंदा करत होता त्याला गप्प केलं, आपल्याला मिळालेली शिक्षा योग्यच आहे हे सगळ्यांसमोर कबूल केलं, येशू निर्दोष आहे असं म्हणाला जेव्हा शिष्यही पळून गेले होते, आणि मग त्याच्याकडे मागणं केलं. जेवढं शरीर मोकळं होतं तेवढं सगळं त्याने दिलं. मला तर ते पूर्ण आज्ञापालन वाटतं.

आता शोधतोय भाऊंचा प्रश्न. बातमी पाळायची कशी, हे तुम्ही फार छान पकडलंय. आपल्या मराठीतच ह्याचं उत्तर आहे असं मला नेहमी वाटतं. आई म्हणते ‘हा माझं ऐकतच नाही’, तेव्हा मुलगा बहिरा आहे असं तिला म्हणायचं नसतं. आपल्याकडे ऐकणं म्हणजे कानावर घेणं पण आणि त्याप्रमाणे वागणं पण. नव्या करारात आज्ञापालनासाठी जो ग्रीक शब्द आहे, हुपाकोए, तो सुद्धा ऐकणे ह्याच क्रियापदावरून आलाय, आणि ‘हे इस्राएला, ऐक’ ह्यातला हिब्रू शमा पण तसाच, त्यात मानणं येतंच. रोमकरांस पत्र उघडा, १:५ मध्ये विश्वासाचं आज्ञापालन आणि परत शेवटी १६:२६ मध्ये तेच. ज्या पत्रात पौल सगळ्यात जास्त भांडून सांगतो की माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, त्याच पत्राच्या दोन्ही टोकांना हे शब्द आहेत. म्हणजे त्याच्या डोक्यात ह्या दोन गोष्टींचं भांडण नव्हतंच.

आणि ही बातमी म्हणजे पाऊस पडला, संप मिटला अशातली नाहीये. येशू प्रभू आहे, ही बातमी आहे. राजा बदलला हे कळल्यावर जुन्या राजाच्याच हुकमाने चालत राहिलं तर त्या माणसाने बातमी ऐकली असं म्हणता येईल का?

फिलिप्पैच्या वचनावर रात्री लिहिते, आत्ता घाईत आहे.

जुना_उपासक

मी कॅथलिक आहे, वाद घालायला आलो नाहीये, एक दोन गोष्टी सांगायच्या आहेत फक्त. हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही, ह्याच्यावरून आख्खी ख्रिस्ती मंडळी (चर्च) दुभंगली. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं, कारण क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे हे त्याला त्या काळच्या भांडणात जड जात होतं. पण त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहिलं की विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली गोष्ट आहे, चांगलं केल्याशिवाय तिला राहवतच नाही. आमच्याकडून ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने (१५४५ ते १५६३) आपली बाजू मांडली, आणि मग जवळजवळ साडेचारशे वर्षं दोन्हीकडचे लोक एकमेकांना चुकीचे ठरवत राहिले.

३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये लुथरन (लूथरच्या परंपरेतले) आणि कॅथलिक दोघांनी एका संयुक्त घोषणेवर सही केली. त्यात एकत्र म्हटलंय की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा मिळतो तो आपलं अंतःकरण नवं करून आपल्याला चांगल्या कामांसाठी तयार करतो. २००६ मध्ये मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथही त्यात आला. सगळे फरक मिटले असं नाही, पण एवढं वाक्य एकत्र म्हणायला इतकी वर्षं लागली, म्हणून तुम्हाला ६ वर्षांत कोडं सुटलं नाही तर स्वतःला कमी समजू नका.

मार्था_एम

आले परत. थोडं सविस्तर लिहिते कारण हे वचन माझं स्वतःचं दुखणं होतं.

पहिली गोष्ट, २:१२ ची सुरुवात ‘म्हणून’ अशी आहे. कशाहून म्हणून? त्याच्या आधी वचन ५ ते ११ वाचा. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केलं आणि मरण सोसण्यापर्यंत, तेही वधस्तंभावरचं, आज्ञा पाळली. म्हणजे त्या पानावरचं पहिलं आज्ञापालन ख्रिस्ताचं आहे, आपलं त्याच्या मागून येतं. मग १२ येतं आणि लगेच १३, की इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी देवच घडवतो. आपण १२ वाचून घाबरतो आणि १३ पर्यंत पोचतच नाही. ‘साधून घ्या’ मुळे पण गडबड होते, आपल्याला साधना आठवते, तप करून काहीतरी मिळवायचं असं. मूळ ग्रीक क्रियापदाचा रोख हातात आलेली गोष्ट शेवटपर्यंत नेण्याकडे आहे, कमावण्याकडे नाही. आणि बघा, पौल तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतो. इफिसकरांस २:८ मध्ये झालेलं आहे, १ करिंथकरांस १:१८ मध्ये होत आहे, रोमकरांस ५:९ मध्ये होणार आहे. तुम्ही रोज रात्री झालेल्या तारणाची पावती शोधताय आणि होत असलेलं तारण तुमच्या दिवसात कुठे चाललंय तिकडे लक्ष जात नाहीये असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट मला खूप उशिरा कळली. ‘आपले तारण’ हे तिथे अनेकवचनात आहे, तुम्ही सगळे मिळून. आणि ही मंडळी कुठली? फिलिप्पैची, जिथे बंदिशाळेच्या नायकाने पौल आणि सीलाला विचारलं होतं की तारण व्हावं म्हणून मला काय केलं पाहिजे. उत्तर एकच होतं, प्रभू येशूवर विश्वास ठेव. प्रेषितांची कृत्ये १६. पण पुढे वाचा, त्याच रात्री, त्याच घटकेला त्याने त्यांच्या जखमा धुतल्या. संध्याकाळी त्याच माणसाने त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते! जखमा धुवा असं त्याला कुणी सांगितलेलं तिथे लिहिलेलं नाही. वर्षांनंतर पौल त्याच गावच्या मंडळीला पत्र लिहितो तेव्हा तिथे काय चाललंय, युवदिया आणि सुंतुखे ह्या दोघी एकचित्त नाहीत (४:२), आणि २:१४ मध्ये कुरकुर आणि वादविवाद न करता सगळं करा म्हणतो, म्हणजे कुरकुर होत असणार. त्यामुळे मला वाटतं तारण साधून घ्या म्हणजे एकट्याने अंथरुणात पडून हिशोब करणं नाही. ते बहुतेक वेळा एखाद्या माणसाशी जाऊन बोलणं असतं.

भाऊ, राग मानू नका, पण एक विचारते. रोजचा जमाखर्च जुळत नाही तेव्हा बऱ्याचदा एखादी एकच मोठी नोंद असते जी आपण लिहितच नाही. माझ्या बाबतीत होती.

शोधतोय_अजून

ताई, तुमचा रिप्लाय वाचून दोन दिवस लॉगिन केलं नाही.

आहे तशी नोंद. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली, दादा लांब राहायचा, व्यवहार सगळा मी बघत होतो. मी त्याला घराची किंमत कमी सांगितली आणि त्या हिशोबाने त्याचा वाटा दिला. त्याने एक प्रश्न विचारला नाही, विश्वास होता त्याचा. हे बाप्तिस्म्याच्या २ वर्षं आधीचं. नंतर मी विश्वासात आलो आणि जुने ते होऊन गेले हे वचन त्याच्यावर टाकून झाकलं. देवाकडे क्षमा मागितली, शंभर वेळा मागितली असेल. दादाला अजून माहीत नाही. तोच मला दर रविवारी फोन करतो.

कृपेचा_साक्षीदार

भाऊ, मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं. क्षमा झाली आहे हे मी आजही म्हणेन, १ योहान १:९ खोटं नाही. पण देवाने क्षमा केली म्हणून दादाचे पैसे तुमचे होत नाहीत. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार जक्कय आठवा, लूक १९. येशू त्याच्या घरी आला तो जक्कयने काही परत करायच्या आधी, नाव घेऊन हाक मारली, सगळा गाव कुरकुरत असताना. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेलं चौपट परत, हे जक्कय नंतर बोलला, येशूने मागितलं नव्हतं. आणि त्यावर येशू म्हणाला आज ह्या घराला तारण झालं आहे. आज तो उताराच मी परत परत वाचतोय.

जुना_उपासक

एक व्यवहाराची गोष्ट. आधी घरात बायकोला सांगा, तिलाही त्याची झळ लागणार आहे. मग आकडा नीट काढा, तेव्हाची खरी किंमत काय होती, फरक किती, तो कसा आणि किती हप्त्यांत देणार, हे कागदावर लिहून घेऊन जा. नुसतं रडून माफी मागितली तर दादालाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. आणि तो चिडला, बोलणं बंद केलं, तर तो त्याचा हक्क आहे, ‘मी ख्रिस्ती म्हणून सांगतोय, आता तू क्षमा कर’ असं चुकूनही म्हणू नका. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा एवढंच आहे, भाऊ काय म्हणेल ते तिथे लिहिलेलं नाही.

मार्था_एम

आणि हे करून तारण मिळेल म्हणून जाऊ नका हं. मिळालंय म्हणून जाता येतंय. तुम्ही इथे लिहिलंत तेव्हाच १३ वं वचन सुरू झालं होतं, ती इच्छा तुमच्यात कुणी घातली असं वाटतं?

शोधतोय_अजून

१९ दिवसांनी लिहितोय. बायकोला सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिनेच जुने कागद काढून दिले. रविवारी दादाचा फोन यायच्या आधी मीच गाडीत बसलो आणि त्याच्याकडे गेलो. सगळं सांगितलं, कागद पुढे ठेवला. त्याने कागद वाचलाच नाही, विचारलं, ‘बाबा असताना ठरवलं होतंस की नंतर?’ मी म्हणालो नंतर. तो उठून आत गेला आणि बराच वेळ आला नाही. वहिनीने पाणी आणून ठेवलं. निघताना तो दारापर्यंत आला, म्हणाला हप्ते खात्यात टाक, फोन मी करेन तेव्हा करेन.

ह्या रविवारी फोन आला नाही. पहिला हप्ता काल टाकलाय. रात्री जमाखर्च मांडायला बसलो नाही, दादाचं नाव घेऊन प्रार्थना केली आणि झोपलो. त्याच्यासाठी तुम्हीही प्रार्थना करा, माझ्यासाठी नंतर केलीत तरी चालेल.