मदत हवी आहे: मदरबोर्ड बदलला, आता विंडोज टाकता येत नाही (अर्जंट)

सेक्रेटरी_भांडुप
मंडळी, सोसायटीच्या ऑफिसचा कॉम्प्युटर फारच रखडत होता, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून नवीन मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आणून बसवून घेतली. बाकी सगळं जुनंच. आता विंडोज सुरूच होत नाही, थेट बायोस (मदरबोर्डच्या सेटिंगचं पान) उघडतं. पेनड्राइव्हवरून नव्याने टाकायला गेलो तर "इथे इन्स्टॉल करता येणार नाही" असं काहीतरी येतं आणि पुढे जाता येत नाही. दुकानदार फोन उचलत नाही. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, त्याआधी १४ दिवस नोटीस, सोबत हिशेब, आणि हिशेब याच कॉम्प्युटरवर. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा.

जुनी_रॅम
"असं काहीतरी" म्हणजे नक्की काय? मेसेज जसाच्या तसा लिहा. प्रोसेसर कुठला, आधीचा कुठला, विंडोज कोणतं, डिस्क कोणती?

सेक्रेटरी_भांडुप
विंडोज नेहमीचंच. डिस्क चांगली आहे, बायोसमध्ये नाव दिसतं.

बोरिवली_फास्ट
सोपं आहे काका. इन्स्टॉल करताना जी यादी येते त्यातली सगळी पार्टिशन डिलीट मारा, एकच मोकळी जागा उरेल, ती निवडून नेक्स्ट. पाच मिनिटांचं काम.

अनघा_ठाणे
थांबा! काहीही डिलीट करू नका. काका, हिशेब कुठल्या ड्राइव्हवर आहेत?

सेक्रेटरी_भांडुप
डी वर. सी वर फक्त विंडोज आहे, त्यामुळे तसा धोका नाही.

अनघा_ठाणे
यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काय लिहिलंय? सगळीकडे "डिस्क ०" असेल तर सी आणि डी एकाच डिस्कचे दोन तुकडे आहेत. वरचा सल्ला ऐकलात तर हिशेबही जातील.

सेक्रेटरी_भांडुप
डिस्क ० पार्टिशन १, डिस्क ० पार्टिशन २, डिस्क ० पार्टिशन ३. बस्स, एवढंच. मेसेजमध्ये एमबीआर आणि जीपीटी असे शब्द आहेत. आधी चौथ्या पिढीचा आय-३ होता, आता आय-५ १२४००. विंडोज १०. झालं समाधान?

जुनी_रॅम
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर आतापर्यंत तुमची नोटीस बोर्डावर लागली असती. एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी आणि नवी पद्धत. जुना बोर्ड लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीने बूट (सुरू) व्हायचा, म्हणून डिस्क एमबीआर. नवीन बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीने चालतो आणि त्या पद्धतीत विंडोजला डिस्क जीपीटी लागते. म्हणून डिस्क दिसते, पण त्यावरून बूट होत नाही आणि त्यावर नवीन विंडोजही बसत नाही. डिस्कला काहीही झालेलं नाही.

टेस्टर_दादा
एवढी पुराणं कशाला? बायोसमध्ये सीएसएम (लेगसी बूटची सोय) ऑन करा, जुनं विंडोज जसंच्या तसं सुरू होईल. माझ्याकडे चालू आहे.

जुनी_रॅम
तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का?

टेस्टर_दादा
आहे. त्याचा काय संबंध?

जुनी_रॅम
तोच तर संबंध. या पिढीच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स लेगसी बूटला चालत नाही, त्यामुळे कार्ड नसेल तर सीएसएम ऑन होतच नाही. सोसायटीच्या ऑफिसात कोण ग्राफिक्स कार्ड लावतंय?

टेस्टर_दादा
बरं बाबा, तुम्हीच शहाणे.

पेंग्विनप्रेमी
या निमित्ताने विंडोजचा नाद सोडाच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपलाय. त्याऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका, फुकट, व्हायरसचा त्रास कमी, लायसन्सची कटकट नाही.

सेक्रेटरी_भांडुप
आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली चालतं का त्यावर?

पेंग्विनप्रेमी
थेट नाही, पण विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन वापरून...

अनघा_ठाणे
सभा तोंडावर आलीय, प्रयोग नकोत. पण मिंटचा उपयोग आहे. काका, मिंटचा पेनड्राइव्ह बनवून इन्स्टॉल न करता नुसतं त्यावरून सुरू करा. डी उघडून हिशेबाचं सगळं फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. नाहीतर डिस्क काढून यूएसबी केसिंगने लॅपटॉपला लावा. हे झाल्याशिवाय पुढचं काहीच करायचं नाही.

निवांत
१२४०० वर आरटीएक्स ४०६० बसेल का? आणि ६५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरेल ना?

जुनी_रॅम
@निवांत, वेगळा धागा काढा.

काका, बॅकअप झाला की हे करा. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, भाषा निवडायच्या पानावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. मी मोबाइलवरून मराठीत लिहितोय, तुम्ही इंग्रजीतच टाइप करा. आधी "डिस्कपार्ट", मग "लिस्ट डिस्क". डिस्कचा नंबर तपासा, पेनड्राइव्हला ० आणि तुमच्या डिस्कला १ असंही होऊ शकतं. "एक्झिट" करून बाहेर या. मग "एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:०". यात काही बदलत नाही, फक्त तपासणी होते. यशस्वी आलं तर तीच ओळ, फक्त व्हॅलिडेटच्या जागी "कन्व्हर्ट". तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर नाही म्हणेल. तुमची तीनच आहेत, त्यामुळे जमायला हवं. विंडोज, डी, टॅली सगळं जागच्या जागी राहतं.

बोरिवली_फास्ट
प्रोसेसर बदलल्यावर फ्रेश इन्स्टॉलच करावं, जुन्या ड्रायव्हरांचा कचरा राहतो.

जुनी_रॅम
राहू दे. सभा झाल्यावर झाडू मारतील.

मुलुंड_पूर्व
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण १४ दिवस म्हणजे पूर्ण १४ दिवस. नोटीस द्यायचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. आमच्याकडे एका सभासदाने यावरूनच गोंधळ घातला होता.

सेक्रेटरी_भांडुप
ते मला माहीत आहे, धन्यवाद.

जुनी_रॅम, जमलं. बॅकअप भाच्याने घेतला. कन्व्हर्ट केल्यावर विंडोज सुरू झालं, बराच वेळ "डिव्हाइसेस तयार होत आहेत" दाखवत होतं. टॅलीतले आकडे दिसतायत. पण खाली उजव्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" आलंय. आधी नव्हतं.

अनघा_ठाणे
लायसन्स जुन्या मदरबोर्डला बांधलेलं असतं. विंडोजची की विकत घेतली होती, की असेंबल करणाऱ्याने "टाकून दिलं" होतं?

सेक्रेटरी_भांडुप
विकत घेतलंय, पावती ऑडिटरच्या फाइलमध्ये आहे.

अनघा_ठाणे
मग विंडोजमध्येच कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून "एसएलएमजीआर /डीएलआय" टाका. रिटेल (सुटं विकत घेतलेलं) आलं तर लायसन्स नव्या बोर्डवर नेता येतं, ओईएम (मशीनसोबत आलेलं) असेल तर सहसा नाही. रिटेल असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन, तिथे ट्रबलशूट, मग "अलीकडे हार्डवेअर बदललं" हा पर्याय. मात्र ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याला लायसन्स आधी जोडलं होतं, त्याच खात्याने लॉगिन करावं लागेल.

सेक्रेटरी_भांडुप
रिटेल आलं. खातं खजिनदारांच्या ईमेलवर आहे आणि ते गणपतीला कणकवलीला गेलेत. पासवर्ड विचारला तर म्हणाले, डायरीत आहे आणि डायरी कपाटात आहे. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे.

जुनी_रॅम
घाई नको. ॲक्टिव्हेट नसलं तरी टॅली आणि प्रिंट चालतं, फक्त वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही. टॅलीने मात्र नवीन मशीन समजून लायसन्स परत मागितलं तर तेही करून घ्या, ते कोणाच्या ईमेलवर आहे?

सेक्रेटरी_भांडुप
त्यांच्याच.