मागच्या शॉकअपवर काय काम केलंत, काय फरक पडला? अनुभव लिहा

मंडळी, पावसाळ्यानंतर रस्त्यांची चाळण झाली की पहिली बोंब पाठीची. मागचा शॉकअप सेट केला असेल किंवा बदलला असेल तर इथे सविस्तर लिहा. गाडी कोणती, वजन किती, मागे कोणी बसतं का, हेही सांगा. त्याशिवाय 'मऊ' आणि 'कडक' कळत नाही.

माझ्यापासून सुरुवात. स्प्लेंडर, मागे पाच खाचांचे दोन शॉकअप. बायको मागे बसली की प्रत्येक गतिरोधकावर खट्ट आवाज यायचा. सी-पान्यानं दोन्ही बाजू सारख्याच दोन खाचा चढवल्या, आवाज थांबला. एकटा असलो की परत उतरवतो.

डोंबिवली
माझं उलटं होतं. वजन 52 किलो, पेव्हर ब्लॉकवर मागचं चाक नुसतं उडायचं. शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर आणला, तरी थोडे हादरे होतेच. मग हवा तपासली तर मागे 40 भरलेली! चेनकव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे हवा ठेवली आणि गाडी शांत झाली. ताईंनो, पंपावर आकडा स्वतः सांगा.

नाशिक
हिमालयन 411, मी 95 किलो, वर लडाखचं सामान. एक गोष्ट कळकळीनं सांगतो: प्रीलोड (खाच किंवा रिंग फिरवून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. म्हणून आधी सॅग, म्हणजे भारानं गाडी किती दबते ते, मोजा. मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेप लावा. मग सामानासकट गाडीवर बसा, मित्राला तेच माप घ्यायला सांगा. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या साधारण 30 टक्के हवा. माझ्या गाडीचा प्रवास 180 मिमी, म्हणजे 55च्या आसपास. माझा 75 भरला, रिंग पूर्ण आवळूनही पुरेसा कमी होईना. एवढ्या भाराला जाड स्प्रिंगच लागते. पण जाड स्प्रिंग दाबली की उसळतेही जोरात, म्हणून रिबाउंड (दबल्यावर परत वर येण्याचा वेग) ॲडजस्ट होणारा शॉकअप घेतला. नॉब पूर्ण सैल केला, दोन-दोन क्लिक आवळत त्याच खडबडीत पट्ट्यावरून फिरलो. मागचा भाग एकदा उठून जागेवर बसायला लागला, तिथे थांबलो. जास्त आवळलं की सलग खड्ड्यांत शॉकअप वर यायच्या आतच पुन्हा दबतो आणि गाडी दगडासारखी लागते.

कराड, गॅरेजवाला
"शॉकअप गेलाय, बदलून द्या" म्हणत लोक येतात. मी आधी गाडी मधल्या स्टँडवर घेतो आणि मागचं चाक धरून आडवं हलवतो. खुळखुळलं तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग बघायचे, शॉकअपचा काही संबंध नसतो. शॉकअपच्या दांड्यावर तेल ओघळून धूळ चिकटली असेल तर मात्र खाचा फिरवण्यात वेळ घालवू नका. आणि दादांनो, जोडीतला एकच बदलू नका. उंची वाढवण्यासाठी लांब शॉकअप टाकणाऱ्यांनी चेनचा ताण पुन्हा तपासावा. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, तेही बघा.

सातारा
रात्री घाट उतरताना समोरचे सारखे डिपर मारायचे. डबलसीटमुळे मागून गाडी बसायची आणि हेडलाइट वर जायचा. प्रीलोड वाढवल्यावर उजेड रस्त्यावर आला. एकट्यानं जाताना त्याच खाचेवर गाडी जरा कडक लागते. रोज कधी एकटा, कधी डबलसीट असणारे मधली खाच कायम ठेवतात का? नाशिकवाले दादा, तुमचं मत सांगा.